पायातली वहाण आणि ओटीतला खण

आजच्या भागाचा विषय मला कार्ल्याला सापडला. एकविरा आईच्या दर्शनाला गेलो होतो. चपला एका दुकानदाराकडे ठेवल्या आणि त्याच्याकडूनच ओटी घेतली. नारळ, हळदकुंकू, हिरवा खण. पायऱ्या चढताना डोक्यात आलं, दीडशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला हा खण आणि ही चप्पल मिळायची कुठून?

उत्तर शोधायला बसलो तर एक गंमत कळली. चप्पल आणि कापड या दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी घरात यायच्या.

आपल्याकडचे बारा बलुतेदार आठवा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... यात चांभार आहे. तो वर्षभर गावाच्या वहाणा शिवायचा, विहिरीवरची चामड्याची मोट सांधायचा आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. म्हणजे वहाणेला किंमतच नव्हती. दुकान नाही, भाव नाही, बिल नाही. आता त्याच यादीत कापड विणणारा कोष्टी किंवा साळी शोधा. सापडत नाही! धान्य देऊन ज्याच्याकडून हक्कानं कापड घ्यावं असा माणूस गावगाड्यात नव्हता. कापड बाजारातून आणावं लागायचं, आणि त्याला पैसा लागायचा. म्हणून गावाला दुकानाची ओळख आधी कापडानं झाली. पायताणाचं दुकान खूप नंतर आलं.

हा पैसा मावळात आला रेल्वेबरोबर. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. खाली मुंबईकडून येणारी लाइन खोपोलीपर्यंत होती आणि मधला बोरघाट माणसं पालखीतून, तट्टावरून नाहीतर चालत पार करायची. घाटातली लाइन सुरू झाली २१ एप्रिल १८६३ ला. १८६१ च्या सुमारास या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. विचार करा, डोंगरात रोख मजुरी घेणारी एवढी माणसं! आणि घाट खुला झाल्यावर मुंबईच्या गोदीत उतरलेलं मँचेस्टरचं कापड थेट देशावर पोचायला लागलं.

याच काळात गावोगावी गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांची दुकानं वाढली. शिंपी समाजातलेही बरेच जण कापड विकायचे. दुकान म्हणजे काय, तर गादी, तक्क्या, भिंतीला लावलेले तागे, लोखंडी गज आणि लाल वही. त्या वहीकडे लक्ष द्या. मुलीचं लग्न पावसाळ्याआधी, पीक मात्र पावसाळ्यानंतर. मग लुगडी, धोतरं उधारीवर. पुष्कळदा कापड देणारा दुकानदारच सावकार असायचा, त्यामुळे लुगड्याची उधारी वाढत वाढत जमिनीच्या गहाणखतापर्यंत जायची.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचा भाव पडला आणि कर्जं मात्र तशीच राहिली. १२ मे १८७५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी सगळ्यात आधी काय मागितलं? कर्जाचे कागद. ते जाळले. यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

आता दुकानाच्या दारात उभे राहू. सगळ्यांना गादीजवळ बसता यायचं का? नाही. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर उभं राहावं लागायचं. कापड लांबून टाकलं जायचं आणि त्याचे पैसेही लांबूनच घेतले जायचे. अनेक गावांत वरच्या जातीच्या वस्तीतून त्याला वहाणा घालून जाता येत नसे. ज्यांनी चामडं कमावलं, वहाण शिवली, त्यांच्याच पायांवर बंदी! म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना इतर बायकांसारखं नीटनेटकं, पायघोळ लुगडं नेसायला सांगितलं, तेव्हा ते फॅशनबद्दलचं बोलणं नव्हतं. जात ओळखू येईल असा पेहराव टाकून द्या, असं ते सांगणं होतं.

आणि स्वदेशी? ती १९०५ ला अचानक उगवली नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. १८९६ मध्ये सरकारनं देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला आणि चीड वाढली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला आणि मारला गेला. तो आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा पोरगा.

पण देशी कापडाची एक बाजू इथेच, मावळात आहे. लोणावळ्याजवळ वळवण आणि शिरवत्याला धरणं बांधली गेली, ते पाणी नळांतून खोपोलीला सोडलं गेलं आणि १९१५ पासून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे लोणावळ्याच्या दुकानातला मुंबईचा मांजरपाट लोणावळ्याच्याच पावसावर विणलेला असू शकत होता! पुढे १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा मावळे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. कापड देशी होतं, पण त्याची किंमत कुणी मोजली हा प्रश्न उरतोच.

पायताणाचं काय झालं? १९३१ मध्ये बाटानं भारतात काम सुरू केलं. ही कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियातली, बरं का! पायाला नंबर आला, खोक्यावर किंमत आली. बलुत्यात एका माणसाचं पाऊल लक्षात ठेवणारा कारागीर हळूहळू दुरुस्तीच्या पेटीपुरता उरला. पण दुसरी बाजूही बघा. ठरलेली किंमत देणाऱ्याला दुकानात जोडा मिळत होता. बलुत्यात कारागिराला घर होतं पण मान नव्हता. बाजारानं थोडा मान दिला आणि काम काढून घेतलं. यातलं काय बरं, हे मला अजून ठरवता येत नाही.

शेवटचा टप्पा १९४३. युद्धाची टंचाई, काळाबाजार आणि सरकारचा कापड नियंत्रणाचा हुकूम. ताग्यावर किमतीचा शिक्का मारणं सक्तीचं झालं. आज आपण पाकिटावर छापील किंमत शोधतो ना, त्या सवयीचं एक मूळ इथे आहे.

कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यात सुतार आहे, गंध विकणारा आहे, व्यापारीही आहेत. दोन हजार वर्षं ती टिकली. मावळच्या शिंप्याचं आणि चांभाराचं नाव मात्र राहिलं असेल तर कुणाच्या तरी खतावणीत, उधारीच्या ओळीत. तेव्हा माळ्यावर आजोबांची लाल वही पडली असेल, तर रद्दीत देऊ नका. एकदा उघडा आणि आजीला विचारा, तिचा पहिला चपलेचा जोड कधी, कुठून आणि कितीला आला?

भेटू पुढच्या भागात!