वेशीआतला परमुलूख

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाच्या वेशींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. या वेशींतून बैलांचे तांडे आले, माल आला आणि मालाबरोबर माणसे आली. त्यांतली काही परत गेलीच नाहीत. त्यांनी इथे वाडे बांधले, पेढ्या घातल्या आणि देवळे उभारली. कारंजात दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत : सेनगणाचे, बलात्कारगणाचे आणि काष्ठासंघाचे. नवखा पाहुणा हमखास विचारतो की धर्म एक, पंथ एक, मग एका गावात तीन मंदिरे कशाला? हा प्रश्न ज्याला पडला त्याचे या अभ्यासक्षेत्रात मनापासून स्वागत आहे. पुढे जे सांगायचे आहे ते या एका प्रश्नातूनच निघते.

हे क्षेत्र परमुलखातून आलेल्या माणसांच्या शहरी वस्त्यांचे आहे. जगात या वस्त्यांचा सर्वांत जास्त अभ्यासलेला नमुना म्हणजे अमेरिकेतली चायनाटाउन. वाशिम जिल्ह्यातल्या वाचकाला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मोहल्ल्याशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. माझा अनुभव असा की कारंजा नीट पाहिलेल्या माणसाला सॅन फ्रान्सिस्को लवकर उमगते, आणि सॅन फ्रान्सिस्कोबद्दल वाचून झाल्यावर कारंजाच्या गल्ल्या पुन्हा हिंडाव्याशा वाटतात.

आधी कारंजाचेच पाहू. मूळचे राजस्थानातले बघेरवाल इथे व्यापारासाठी स्थिरावले. प्रत्येक मंदिरामागे एक गुरुपरंपरा होती, भट्टारकांची गादी होती आणि तिच्याशी बांधलेली घरे होती. मंदिरात पूजा होई, पण तेवढेच नाही. सोयरिकी जुळवायला, वाद मिटवायला, दूरच्या गावातल्या आपल्या माणसाची खबर काढायलाही तीच जागा. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहायला लोक जातात, ते पाहण्याजोगे आहेच. पण अभ्यासकाने मंदिरांतल्या ग्रंथभांडारांचीही चौकशी करावी. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यामुळे कारंजाच्या भांडारांत अपभ्रंश भाषेतले केवढे धन पडून आहे हे विद्वानांना समजले. पुढे अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी त्यांतले ग्रंथ संपादित केले; पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये छापून आले. व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी जपलेल्या पोथ्यांतून एका भाषेचा इतिहास हाती लागला.

हे सगळे पैशाशिवाय झाले नसते. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजावर स्वारी केली ती या गावाच्या संपत्तीचा बोलबाला दूरवर झाला होता म्हणूनच. आणि १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. परमुलखातला माणूस जिथे काम किंवा व्यापार असतो तिथे येतो आणि आपल्या माणसांच्या आधाराने टिकतो. मात्र ‘आपली माणसे’ कोण हे तो स्वतः ठरवतो. बाहेरच्याला ज्या घोळक्यात एकच जात किंवा एकच देश दिसतो, त्यात आतल्या माणसाला तीन गण दिसतात. या क्षेत्राचा गाभा मला इथेच सापडतो.

आता समुद्र ओलांडू. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून माणसांची रीघ लागली. १८६५ पासून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने हजारो चिनी मजूर कामावर घेतले. सिएरा नेवाडाचे खडक फोडून त्यांनी रूळ टाकले आणि १० मे १८६९ रोजी पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. अमेरिकनांच्या लेखी हे सगळे ‘चिनी’. ते स्वतः मात्र तसे राहत नव्हते. बहुसंख्य लोक चार लगतच्या तालुक्यांतले होते. त्या चौकडीला कॅन्टनी बोलीत सी यिप म्हणतात. तीन तालुक्यांचे सॅम यिप वेगळे, त्यांत व्यापारी जास्त. हक्का बोली बोलणारे आणखी वेगळे. प्रत्येकाची संस्था निराळी. बोटीतून उतरलेल्या माणसाला उतरवून घेणे, काम मिळवून देणे, उसनवारी, भांडणाचा निवाडा आणि मेल्यावर अस्थी गावी पाठवणे ही कामे त्या संस्था करत. त्यांचा संघ ‘सहा कंपन्या’ म्हणून ओळखला गेला. कारंजाच्या तीन मंदिरांचे कोडे सुटलेल्या वाचकाला या सहा कंपन्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

हेच सी यिप मुंबईतही आहेत. माझगावला, डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळ, नवाब टँक रोडवर एका साध्या दुमजली घरात ‘सी यिप कून’ हे देऊळ आहे. १९१९ मध्ये तिथल्या कॅन्टनी लोकांनी ते उभारले. खाली करुणेची देवता क्वान यिन, आणि लाकडी जिन्याने वर गेले की लाल-सोनेरी देव्हाऱ्यात क्वान कुंग : प्राचीन काळचा सेनापती, शब्दाला जागणाऱ्या माणसांचा आणि मानलेल्या भावंडांचा देव. कौल लावायचा तर बांबूच्या नळीतल्या आकडे घातलेल्या काड्या हलवायच्या. जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याची चिठ्ठी वाचायची. एरवी हे घर शांत असते, चिनी नववर्षाला गजबजते. याच चार तालुक्यांच्या लोकांचे देऊळ कोलकात्याच्या छातावाला गल्लीत आहे, आणि मेलबर्नमध्ये १८६६ चे आहे. बंदरे वेगळी, राज्यकर्ते वेगळे, पण माणसे एकाच मुलखातली आणि देवही तोच. माझ्या मते माझगावचे हे घर मुंबईच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या वास्तूंपैकी आहे, आणि मराठीत त्याच्यावर फार थोडे लिहिले गेले आहे.

मुंबईतल्या चिन्यांचेही गट होते. गोदीत आणि जहाजांवर काम करणारे आणि सुतारकाम जाणणारे कॅन्टनी, जोडे शिवणारे हक्का, दात बसवून देणारे हूपे प्रांतातले लोक, पाठीवर गठ्ठा घेऊन दारोदार रेशीम विकणारे शान्तुंगचे फेरीवाले. आज लोकांच्या लक्षात राहिली आहेत ती हॉटेले. पण नुसत्या हॉटेलांवरून चिनी वस्तीचा माग काढणे म्हणजे पाट्या वाचून गाव ओळखल्यासारखे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला या बाबतीत फार बोलका आहे. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत तिथला चिनी मोहल्ला बेचिराख झाला. ती मोक्याची जागा चिन्यांच्या हाती पुन्हा जाऊ नये, त्यांना शहराच्या कडेला हलवावे, असा घाट पुढाऱ्यांनी घातला. तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी झपाट्याने बांधकाम काढले आणि गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोडासारखी छपरे, रंगीत सज्जे उभे करून घेतले. शहराला प्रवासी मिळाले, व्यापाऱ्यांना जागा राखता आली. पर्यटक आज ज्याला अस्सल चिनी रूप समजून छायाचित्रे काढतात ते अमेरिकेत, अमेरिकनांसाठी, टिकून राहण्याच्या निकडीतून तयार झालेले आहे. त्याने ते कमअस्सल ठरत नाही. उलट, जागा वाचवण्यासाठी माणसे केवढी शक्कल लढवतात याचा तो पुरावा आहे.

वस्तीभोवतीची सगळ्यांत उंच भिंत कायद्याची होती. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांचे येणे जवळजवळ थांबवले आणि १८८२ च्या बंदी कायद्याने मजुरांचे. त्यामुळे चायनाटाउन दीर्घकाळ एकट्या पुरुषांचे राहिले. ‘चिनी लोक आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत’ हा आरोप ज्यांनी केला त्यांनीच संसार थाटायची वाट बंद केली होती. अमेरिकेत जन्मलेला मात्र नागरिकच, असे १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मग १९०६ च्या आगीत जन्मनोंदी जळाल्या आणि एक फट उघडली. आपण इथेच जन्मलो असे सांगणाऱ्याला खोटे पाडणे कठीण झाले, आणि नागरिकाच्या मुलांना येण्याचा हक्क होता. कागदोपत्री मुलगे तयार झाले.

त्यांना अडवण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात जी चौकशी चाले तिचे कागद नवशिक्या अभ्यासकाने जरूर वाचावेत. तुझे घर ओळीत कितवे? विहीर कुठे? दाराला पायऱ्या किती? तांदळाचे पिंप कुठल्या खोलीत? शेजारच्याला मुले किती? बापाला वेगळे विचारत, मुलाला वेगळे, आणि उत्तरे जुळली नाहीत तर मुलाला परत धाडत. येणारे लोक जहाजावर वह्या पाठ करत आणि बंदरात शिरण्याआधी त्या समुद्रात टाकून देत. ज्यांना देशाबाहेर ठेवायचे होते त्यांच्या गावांचा इतका बारीक तपशील त्या सरकारने लिहून ठेवला आहे की क्वांगतुंगची खेडी अभ्यासायला आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची दारे ठोठावावी लागतात. माणसांना छळण्यासाठी जमवलेला कागद त्याच माणसांच्या नातवंडांना आजोबांचे घर दाखवतो, हे वाचताना जीव कासावीस होतो.

आपल्या देशाचे पान याहून उजळ नाही, आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते, काहींना चिनी वाचताही येत नव्हते. काही कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे राहिली. जे बाहेर होते त्यांना पोलीस ठाण्यात नोंद करावी लागे, गाव सोडायला परवानगी घ्यावी लागे. मुंबईतल्या आणि कोलकात्यातल्या वस्त्या तेव्हापासून ओसरत गेल्या. माणसे कॅनडा, अमेरिकेला गेली. रीता चौधुरी यांची ‘माकाम’ ही असमिया कादंबरी याच विषयावर आहे, आणि जॉय मा व दिलीप डिसूझा यांनी ‘द देवलीवालाज’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. मराठीत अजून हे काम व्हायचे आहे.

वस्ती विरळ झाली की ती संपली, असे मात्र समजू नये. वाशिमच्या वाचकाला हे पोहरादेवीवरून ठाऊक आहे. बंजारा समाज अनेक राज्यांत विखुरलेला. त्याचे तांडे गावांपासून अंतर राखून, आपापल्या नाईकाच्या शब्दात राहणारे. त्यांच्यासाठी मानोरा तालुक्यातले संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान हे केंद्र आहे, आणि रामनवमीला कर्नाटक-तेलंगणातूनही माणसे तिथे लोटतात. शिकागोतल्या धोबीकाम करणाऱ्या चिन्यांवर पॉल स्यू या धोब्याच्याच मुलाने १९५३ मध्ये प्रबंध लिहिला, त्यातही असेच चित्र आहे. प्रत्येक धोब्याचे दुकान वेगळ्या पेठेत, शेजारी चिनी कुणी नाही. आठवडाभर इस्त्री, आणि रविवारी सगळे चायनाटाउनमध्ये. वस्ती म्हणजे निजायची जागाच असते असे नाही. वॉशिंग्टन शहरात १९८६ मध्ये भव्य चिनी कमान उभी राहिली, आणि आज तिच्या आसपास चिनी कुटुंबे मोजकीच आहेत. लॉस एंजेलिसचा जुना मोहल्ला रेल्वे स्थानकासाठी पाडला, तर १९३८ मध्ये नवा उभा राहिला. पण चिनी वस्तीचा खरा विस्तार पुढे मॉन्टेरे पार्कसारख्या उपनगरांत झाला, जिथे कमान नाही, बंगले आणि वाण्यांची दुकाने आहेत. टिमोथी फाँग यांचे १९९४ चे पुस्तक त्यावरच आहे.

हा विस्तार ज्या कायद्याने झाला त्यात मराठी वाचकाची थेट गुंतवणूक आहे. चिनी बंदी १९४३ मध्ये उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांना वाव मिळाला. भारतीयांवर १९१७ पासून असलेली बंदी १९४६ मध्ये सैल झाली, आणि त्यांच्या वाट्याला आल्या १०० जागा. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वावरले ते आशियाई माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या त्या जुन्या काळात. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि तैवानचा अभियंता व पुण्या-मुंबईचा अभियंता एकाच दाराने आत आले. चिनी माणसाच्या पाठीशी शंभर वर्षांच्या संस्था, देवळे आणि दुकाने होती. मराठी माणसाने मंडळ काढले, गणपती बसवला, पण स्वतःची पेठ वसवली नाही. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या जोरावर गेलेल्याला पेठेची गरजच पडली नाही, की आपल्या उसनवारीची, सोयरिकीची कामे भारतातूनच भागत राहिली? आज न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात मराठी आणि चिनी कुटुंबे एकाच रस्त्यावर राहतात, मुले एकाच शाळेत जातात. त्यांच्यापैकी कुणाचे घर कोणत्या कामासाठी कुठल्या संस्थेकडे वळते याची नोंद करायला वाशिमहून निघालेला एखादा विद्यार्थीही बसू शकेल. त्याने निघण्याआधी कारंजाच्या तिन्ही मंदिरांत जावे, वाटेत मुंबईला उतरून माझगावचा लाकडी जिना चढावा, आणि दोन्ही ठिकाणच्या वडीलधाऱ्यांना एकच गोष्ट विचारावी : तुमच्या घरात लग्न ठरले की पहिला निरोप कुणाला जातो?