खरेपणाचे हरवलेले जोडशब्द

ठाणे-कल्याण भागातील आमच्या उर्दू शाळांत मराठी शिकवताना एक शब्द हमखास अडतो : राजीनामा. मराठी वर्तमानपत्रात त्याचा अर्थ पद सोडणे. घरच्या उर्दूत मात्र समझोता. मुले विचारतात, यांतले खरे कोणते? जुने मराठी कागद उर्दूच्या बाजूने साक्ष देतात.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे आला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. होणारा निवाडा आम्ही राजीखुशीने मानू, असा त्याचा अर्थ. सोबत जामीनकतबा असे. साक्षीपुराव्याने खरे-खोटे ठरेना, तर रवादिव्य होई. उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला नाही तर तो माणूस खरा. जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे, हरणारा येजितखत लिहून देई. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. या अरबी शब्दाचे नाते ‘हजर’शी आहे. त्यावर पाटलाच्या नांगराची निशाणी असे आणि कित्येक महजरांवर काझीचा शिक्काही. सत्य ठरवताना अरबी, फारसी, संस्कृत आणि मराठी एकाच बैठकीत बसत.

मग हे शब्द गेले कुठे? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, हे खरे. पण केवळ कोशाने शब्द मरत नाहीत. जयपत्र तर संस्कृतच. तेही व्यवहारातून गेले. ठाणे १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेले, १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२७ मध्ये एल्फिन्स्टनची कायदेसंहिता आली. न्यायाची रीत बदलली, तसे तिचे शब्दही दप्तरात गेले. राजीनामा उरला, पण अर्थ बदलून.

इंग्रजीतही हेच घडले. ‘सूथ’ म्हणजे सत्य. ‘सूथफास्ट’, म्हणजे सत्याला धरून राहणारा, हा जोडशब्द लोपला. ‘सूथसेयर’ म्हणजे मुळात खरे बोलणारा; आज तो भविष्य सांगणारा झाला.

मराठी आपल्याला परकी, असे आमच्या काही मुलांना वाटते. उर्दू शब्द मराठीत उपरे, असे इतर काहींना वाटते. महजराचा कागद दोघांनाही खोडून काढतो. आमच्या वाडवडिलांनी या भाषेत साक्ष दिली आहे. आता ती वाचता येणे, एवढे तरी आपल्या मुलांना शिकवू या.