बिदरचा वळीव आणि उतरलेली विमानं

१९९८ साली माझी बदली बिदरच्या शाखेत झाली. हवाई दलाचं 'सूर्यकिरण' पथक दोनच वर्षांपूर्वी, १९९६ ला, तिथं उभं राहिलेलं. विमानांच्या आवाजात रोख मोजायची आम्हाला सवयच झाली होती. एका वैशाखी दुपारी आमचा शिपाई म्हणाला, "सायेब, खिडक्या लावून घ्या. इमानं उतरलीत." बाहेर लख्ख ऊन, मी हसलो. अर्ध्या तासात टेबलावरची व्हाउचरं उडाली आणि गारांचा मारा सुरू झाला.

वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. लहान विमानाला त्याच्यावरून जाता येत नाही. वळसा घाला, नाहीतर परत फिरा. पावसाच्या आधीच ढगातून गार वारा खाली कोसळून चहूकडे पसरतो. समोरचा वारा क्षणात पाठीमागून आला, की उतरणारं विमान एकदम खाली बसतं.

३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. वाटेत मैनपुरीजवळ खराब हवेत त्यांचं लहान विमान कोसळलं. आठही जण गेले. हेच शिंदे पूर्वी विमान वाहतूक मंत्री होते. जानेवारी १९९३ मध्ये आपल्या हैदराबादहून गेलेलं विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटलं. सगळे १६५ जण वाचले, तरी यांनी राजीनामा दिला. आज कोण देतो?

बातमी टीव्हीवर पाहताना मला तो शिपाई आठवला. सभेची वेळ ठरलेली असली, की "आज नको" हे वैमानिकानं म्हणायचं तरी कुणाला?