वारंवार गर्भपात : रक्तगटाचा संबंध किती?

लागोपाठ दोन-तीन गर्भपात झाले, की ‘पती-पत्नीचे रक्तगट जुळत नाहीत’ अशी शंका घेतली जाते. बहुतांश वेळा ती निराधार असते. गुणसूत्रांतील दोष, गर्भाशयाची रचना, थायरॉइडचे विकार ही कारणे अधिक आढळतात. मात्र एका अतिदुर्मीळ रक्तगटाचा गर्भपाताशी थेट संबंध आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

आरएच निगेटिव्ह : भारतात सुमारे ५ टक्के लोकांचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असतो. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार गर्भपात सहसा होत नाहीत. धोका असतो तो पुढील गर्भाला. म्हणून गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

‘स्मॉल पी’ रक्तगट : जवळपास सर्वांच्या रक्तपेशींवर असणारे पी गटाचे घटक या व्यक्तींमध्ये नसतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र रक्तात जन्मतःच तयार होऊ लागतात. वारेवर हे घटक विपुल असल्याने प्रतिपिंडे तिच्यावर हल्ला करतात. म्हणूनच पहिल्या गर्भधारणेतही गर्भपात होऊ शकतो. या प्रतिपिंडांचा शोध फिलिप लेव्हिन यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत लावला. गर्भपाताशी असलेला संबंध १९५४ मध्ये मांडला गेला.

निदान : माण-हिंजवडी असो वा मुंबई, नेहमीच्या अहवालात केवळ ए, बी, ओ व आरएच गट कळतो. प्रतिपिंडांसाठी ‘इनडायरेक्ट कूम्ब्ज’ चाचणी लागते. ती सदोष आल्यास परळच्या केईएम रुग्णालय आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो.

उपचार : गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांतच ‘प्लाझ्माफेरेसिस’ सुरू करतात. त्यात प्रतिपिंडयुक्त रक्तद्रव काढून त्याजागी अल्ब्युमिन देतात. ही प्रक्रिया वारंवार करावी लागते. काही वेळा इम्युनोग्लोब्युलिनही देतात. रुग्णच मोजके असल्याने मोठे अभ्यास नाहीत. तथापि या उपचारांनी अनेक गर्भपातांनंतर सुखरूप प्रसूती झाल्याच्या नोंदी आहेत.

रक्ताची तजवीज : अशा स्त्रीला नेहमीचे रक्त चालत नाही. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचा रक्तगट तोच असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यांची तपासणी आधीच करावी. हीच दक्षता ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या स्त्रियांनी घ्यावी. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला हा गट साध्या तपासणीत ‘ओ’ भासतो. पण ‘ओ’ रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते.