स्कॅनरची कुळकथा: तीन पाऊलखुणा आणि सहावा रकाना

जुलै २०१६मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा चालत फिरून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा मोबाइल खेळ आला आणि काही दिवसांतच त्याची एक महत्त्वाची सोय मोडली. जवळपासचा पोकेमॉन किती लांब आहे, हे पडद्यावरच्या पाऊलखुणांवरून कळायचं. एक पाऊल म्हणजे जवळ, तीन म्हणजे दूर. मग एक बिघाड झाला आणि सगळ्यांपुढे तीनच पावलं दिसू लागली. दिशा नाही, अंतर नाही, नुसतं चालत राहायचं. जवळपासचे पोकेमॉन नकाशावर दाखवणारं बाहेरचं साधन म्हणजे स्कॅनर. त्याची भरभराट झाली ती याच अडचणीत. म्हणूनच त्याला सरसकट चोरी म्हणणं मला पटत नाही.

त्याची युक्ती साधी होती. ॲप सर्व्हरला आपले अक्षांश-रेखांश कळवतं आणि सर्व्हर तिथे काय आहे त्याची यादी धाडतो. हा संवाद ज्यांनी उलगडला, त्यांनी खोटी खाती उघडली आणि ती शहरभर चौकाचौकात उभी असल्याचं सर्व्हरला भासवलं. सगळ्या याद्या एकत्र केल्या की ‘पोकेव्हिजन’सारखा नकाशा तयार. बॉटही याच वाटेने आले, पण ते माणसाच्या जागी स्वतःच खेळत. नकाशा पाहून चालत जाणारा आणि घरी झोपून खातं वाढवणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. सर्व्हरवर मात्र दोघांचाही भारच पडे, आणि त्या सर्व्हरवर आधीच अपेक्षेच्या ५० पट वर्दळ होती.

जुलैअखेर खेळ बनवणाऱ्या ‘निअँटिक’ने बिघडलेल्या पाऊलखुणा दुरुस्त न करता काढूनच टाकल्या. पोकेव्हिजनही त्याच सुमारास बंद पडलं. ३ ऑगस्टला सर्व्हरच बदलला आणि बाहेरच्या साधनांना उत्तरं मिळेनाशी झाली. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे प्रमुख जॉन हँकी यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात विनंत्यांची रेघ एकदम खाली आलेली होती. या उपद्रवामुळे ब्राझीलसह लॅटिन अमेरिकेत खेळ नेण्यास उशीर झाला, असं त्यांनी लिहिलं.

अडवणूक झाली होती एका रकान्याने. ॲपने सर्व्हरला धाडलेल्या निरोपातले रकाने नावांशिवाय, नुसत्या क्रमांकांनी जातात. सहाव्याचा अर्थ लागेना, म्हणून शोधकांनी त्याला ‘अननोन सिक्स’ म्हटलं. आधी सर्व्हर तो तपासत नव्हता, आता तो सक्तीचा झाला. त्यात फोनची माहिती, हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची मोजमापं, वेळ, ठिकाण असं सगळं गुंडाळून कुलूपबंद केलेलं असे. थोडक्यात, विनंती खऱ्या फोनवरच्या खऱ्या ॲपमधून आल्याची सही. एकमेकांना न पाहिलेल्या प्रोग्रामरांनी रात्रंदिवस खपून ती जेमतेम चार दिवसांत सोडवली. त्या चिकाटीला मी दाद देतो, मग पुढे तिचा वापर कुणीही कसाही केलेला असो.

ऑक्टोबरात, समोर माणूसच आहे का हे तपासणारा कॅप्चा आला. सहीचं गणितही नव्या आवृत्तीबरोबर अधिक किचकट होत गेलं. शेवटी ते सोडवून देणाऱ्या सेवा पैसे घेऊन चालू लागल्या. इथे खरी चाळणी लागली: मित्रांपुरता नकाशा चालवणारा हौशी माणूस बाहेर फेकला गेला आणि पैसे मोजणारे टिकले. कुलूप ज्यांच्यासाठी लावलं, त्यांचा फक्त खर्च वाढला.

पोकेमॉन ज्या पोकेस्टॉपजवळ, म्हणजे खेळातल्या ठरावीक थांब्याजवळ आहे त्याचं छायाचित्र दाखवणारी नवी सोय नोव्हेंबरात बऱ्याच देशांत पोचली. पाऊलखुणांच्या जागी हे निदान काहीतरी मिळालं. डिसेंबरच्या मध्यास ‘जिओ’च्या साथीने खेळ अधिकृतपणे भारतात आला. तोवर आपल्याकडच्या अनेकांनी आडवाटेने ॲप मिळवून तो खेळून पाहिला होता.

२०१७च्या मे महिन्यात कंपनीने डाव बदलला. संशयित खातं बंद न करता त्याला दुर्मीळ पोकेमॉन दाखवणंच थांबवलं. सर्व्हर उत्तर देई, यादीही येई, पण तिच्यात नेहमीचेच पोकेमॉन. नकाशा चालू दिसे आणि तरी खोटा ठरे. आतापर्यंतच्या अडथळ्यांत मला हा सर्वांत हुशार वाटतो, कारण दार आपटल्याचा आवाजच होत नसे. मग स्कॅनर चालवणाऱ्यांना आधी आपलंच खातं आंधळं झालंय का, हे तपासणारी वेगळी साधनं बनवावी लागली.