डाळ शिजते ते पाणी

आमच्याकडे सोयरीक पाहायला मंडळी परगावी गेली, म्हणजे शेत किती, बैल किती, घर कवेलूंचे की टिनाचे, ही चौकशी पुरुष करीत. बायकांतली एखादी जाणती मात्र चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता हळूच विचारी, "गावाचं पाणी कसं आहे?" मुलीला जन्मभर ज्या विहिरीवर जायचे, तिची विचारपूस नको का करायला? उत्तर बहुधा दोन शब्दांचे असे : "डाळ शिजते." एवढ्यावर पाण्याचे प्रकरण मिटे. तुरीच्या मुलखात याहून मोठे प्रशस्तिपत्र पाण्याला कोण देणार?

ही परीक्षा अडाणी नव्हती. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार फार, ते जड पाणी. त्यात डाळीचा दाणा टणक राहतो, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते. हलक्या पाण्यात डाळ लवकर गळते. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या चुलीपुढे बसून जी तपासणी करीत, तीच आजचा रसायनशाळेतला माणूस काचेच्या नळ्या हाती घेऊन करतो. यवतमाळ जिल्ह्यात या साध्या परीक्षेने कोठवर साथ दिली आणि कोठे दगा दिला, ती हकीगत सांगण्यासारखी आहे.

डाळीखेरीज घरात आणखीही आयुधे होती. पाणी गढूळ आले तर तुरटीचा खडा फिरवीत. तुरटी नसेल तेथे निवळीचे बी माठाच्या आतून घासत. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या साधनांत हे बी 'कतक' या नावाने आलेले आहे. आणि गाळणे हा तर आचारधर्मच. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी हंड्याच्या तोंडावर टाकल्यावाचून पाणी घरात येत नसे. या लुगड्याची कोणी टवाळी करू नये. बांगलादेशातील मतलब भागात संशोधकांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावले, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसून आले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात, एवढेच त्यातले मर्म.

पण निम्मे म्हणजे सगळे नव्हे. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी लोक मोठ्या आवडीने पीत, आणि १८५४ साली त्याच पंपाच्या आसपास पटकीने माणसे पटापट मेली, हे जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने दाखवून दिले. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख याला पटकीचा जंतू सापडला तो कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात. आपल्याकडे तेव्हा पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत, आणि पुढच्या गावचे लोक तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकलीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडची दैना झाली. आपल्या जिल्ह्याला त्या वेळी वणी जिल्हा म्हणत; यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. आटलेल्या विहिरीच्या तळाशी उरलेले चार घागरी पाणी सारे गाव उपसते, त्यातच भांडी बुडतात, तेथेच पाय धुतले जातात, आणि मग दुष्काळापाठोपाठ पटकी येते. याच सुमारास आग्र्याच्या हॅन्किन या शास्त्रज्ञाने विहिरीत परमँगनेट टाकण्याची रीत काढली. ते लाल औषध पुढे देशभर विहिरीविहिरीत पडले. पाण्याला रंग आला म्हणून लोक नाके मुरडीत, पण त्या पाण्यात डाळ नेहमीसारखीच शिजे. जंतू असलेल्या पाण्यातही ती तशीच शिजत होती. चुलीवरची परीक्षा येथे पहिल्यांदा अपुरी पडली.

दुसऱ्यांदा ती अपुरी पडली नारूच्या बाबतीत. चाळिशीच्या आतल्या वाचकांनी नारू पाहिलेला नसेल, आणि हे त्यांचे भाग्य. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत लोक पाय बुडवून पाणी भरीत. नारू झालेल्याच्या पायातून जंताची पिले पाण्यात सुटत, तेथल्या बारीक पाणकिड्यांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभर वाढून हात-दोन हात लांबीचा दोरा होऊन त्याच्या पायातून बाहेर पडत. तो काडीला गुंडाळून दररोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. ऐन पेरणीत घरचा कर्ता असा पडला म्हणजे त्या घराचे वर्ष बुडाले. १९८३-८४ पासून देशभर नारूनिर्मूलनाची मोहीम निघाली. पायऱ्या बुजवल्या, विहिरींना कठडे बांधले, पाणी गाळायला कापड वाटले, आणि जेथे होईल तेथे हातपंप बसवले. १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रोगी सापडला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एक रोग देशातून मुळासकट जाणे ही काय लहान गोष्ट झाली? त्या यशात हातपंपाचा, आपल्या भाषेत हापशीचा, वाटा मोठा आहे.

या हापशीची जन्मकथा आपल्याच महाराष्ट्रातली. आधीचे बिडाचे पंप एका घरापुरते होते. त्यावर सबंध गाव लोटले की महिन्याभरात मान टाकीत. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या विहीर-कामातल्या कारागिरांनी पोलादी, साखळीने चालणारा पंप तयार केला, आणि त्याच धर्तीवर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस 'मार्क दोन' निघाला. त्याच दशकात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. बैलगाडीभर पाण्यासाठी कोसभर जाणाऱ्या गावात खडक फोडणारे यंत्र यावे, दोन दिवस धडधडावे, दोनशे फुटांवरून पाण्याचा फवारा उडावा आणि गावाने नारळ फोडावा, असा तो काळ. खोल, झाकलेले, कोणी पाय न बुडवलेले, जंतूंपासून दूर असे ते पाणी. आणि वर डाळ अशी शिजे की बायका हापशीची वाखाणणी करीत थकत नसत.

आता मी ज्या वर्गात शिकवतो तेथे या. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या बाजूच्या गावांतून, कोलामांच्या पोडांवरून येणारी काही मुले हसताना तोंडावर हात धरतात. आधी मला ती लाजाळू वाटली. मग ध्यानात आले की त्यांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग आहेत, कोणाच्या दातांवर पिवळे, कोणाच्या थेट काथ्याच्या रंगाचे आडवे पट्टे. मी मास्तर, तेव्हा 'दात घासत जा' असा उपदेश करून मोकळा झालो होतो. एका मुलीने मला शांतपणे सांगितले, "घासतो गुरुजी. जात नाही." त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

ते डाग घासून जाण्यातले नसतातच. हिरडीच्या आत दात घडत असताना, म्हणजे वयाच्या आठ वर्षांच्या आत, पाण्यातून फ्लोराइड फार गेले तर दाताचा वरचा थर कच्चा बनतो. हेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडांत साचते, सांधे आखडतात, कणा वाकत नाही, आणि झालेले नुकसान भरून निघत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ पासून मुलांच्या तपकिरी दातांचे कोडे सोडवीत बसला होता. त्यामागे पाण्यातले फ्लोराइड आहे, हे १९३१ साली एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनज्ञामुळे कळले. आपल्या देशात नेल्लोरकडच्या शेतकऱ्यांना या रोगाची चाहूल आधी बैलांवरून लागली. धडधाकट बैल काही महिन्यांत आखडत. पुढे १९३७ साली डॉक्टरांनी तो रोग माणसांत नोंदवला. गंमत अशी, की अगदी थोडे फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवते; म्हणून टूथपेस्टच्या खोक्यावर ते मोठ्या अक्षरात छापतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. दोन-तीन चिमटी झाली की पोरांच्या दातांवर उमटते. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते तसे घट्ट होते.

आणि ती डाळ? येथेच सारी गोम आहे. आपला बहुतेक जिल्हा काळ्या बसाल्ट खडकावर वसला आहे. पावसाचे पाणी त्यातून जितके खोल आणि जितकी वर्षे झिरपते, तितके खडकाशी त्याचे देणेघेणे चालते. कॅल्शियम मागे राहतो, सोडियम पाण्यात येतो आणि फ्लोराइड सुटते. पाण्यात कॅल्शियम पुष्कळ असेल तर तो फ्लोराइडला धरून खाली बसवतो. कॅल्शियम सरला की फ्लोराइडला मोकळे रान. म्हणून उथळ विहिरीच्या पाण्यात ते कमी आणि खोल बोअरच्या पाण्यात जास्त, असे पांढरकवडा भागाच्या तपासणीतही दिसले आहे. पण कॅल्शियम सरलेले पाणी म्हणजेच हलके पाणी. म्हणजे ज्या गुणासाठी बायकांनी हापशीला वाखाणले, तोच गुण पुष्कळदा फ्लोराइडची खूण होता. ज्या परीक्षेवर पिढ्यान् पिढ्या विसंबल्या, ती नेमकी उलटी पडली. यात दोष कोणाला द्यावा? बोअर खणणाऱ्यांनी पटकी आणि नारू पाहिले होते, त्यांनी त्यांच्यापुरते बरोबरच केले. माझा राग आहे तो पुढच्या वर्षांवर. पाण्यात काय आहे हे कळल्यानंतरही जी वर्षे गेली, त्यांवर.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७५ सालीच तो दिला : पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचे, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी घ्यायचे. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती रीत ओळखली जाते. कागदावर सोपी, पण मजुरीवरून संध्याकाळी परतलेल्या बाईने रोज मापून तुरटी घालावी, तासभर थांबावे आणि तो गाळ दूर नेऊन टाकावा, ही अपेक्षा करणाऱ्याने एक आठवडा तरी स्वतः ते करून पाहावे.

आज दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावोगावच्या उद्भवांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो, ओटी चाचणी करतो. हे चांगलेच आहे. परंतु टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड नव्हे; त्याची तपासणी वेगळी व्हावी लागते, आणि तिचा कागद कार्यालयाच्या कपाटात राहिला तर हापशीवरच्या बाईला कसे कळणार? मी लाल रंग दिलेल्या हापशीवर हंड्यांची रांग पाहिली आहे. दुसरी हापशी अर्धा कोस दूर होती. लाल रंगाने पाणी बंद होत नाही.

शहरवाल्यांनी हे खेड्यांचे दुखणे समजू नये. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या धरणांचे पाणी पिते, ते पावसाचे साठलेले पाणी. त्याची शुद्धता हा मुख्यतः जंतूंचा आणि गाळाचा प्रश्न. पण २०१७ चा पाऊस दडी मारून बसला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात धरणे तळाला गेली, तेव्हा शहरातली माणसे रात्रीबेरात्री टँकरच्या मागे धावली, अंगणातल्या जुन्या बोअर चालू केल्या, जार विकत घेतले. ते पाणी कोठल्या भूगर्भातून आले, हे विचारण्याची कोणाला सवड होती? मिळाले हेच पुष्कळ वाटले. टंचाईत माणूस पाण्याचे प्रमाण मोजतो, गुण मोजत नाही.

आमच्या शाळेपासून जवळच एका पोडावर नारूच्या मोहिमेत टाकून दिलेली एक जुनी विहीर होती. झुडपांनी झाकलेली, पोरे तीत दगड टाकीत. दोन वर्षांपूर्वी तरण्या पोरांनी ती उपसली, गाळ काढला, वर जाळी आणि कठडा केला. तपासणीत फ्लोराइड मर्यादेच्या आत निघाले. आता तीत नेमाने टीसीएल पडते, दोर आणि बादली विहिरीचीच, घरचे भांडे आत सोडायचे नाही, असा पोडाने नियम केला आहे. गेल्या महिन्यात मी तेथे गेलो, तर एक म्हातारी कठड्यापाशी पाणी गाळीत बसली होती. पाणी कसे आहे म्हणून विचारले.

"चांगलं आहे गुरुजी," ती म्हणाली, "पण डाळ शिजायला लई वेळ लागते."