भोक न पाडता बसणारी रिव्हेट

लोखंडी कढईचे कान कसे बसवतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेय. भोक पाडायचे, रिव्हेट घालायची, मागून ठोकून डोके चपटे करायचे. १९४३ सालचा कोलकात्याचा हावडा पूल याच रिव्हेटींवर उभा आहे. मोटारींच्या सांगाड्यात मात्र पुढे स्पॉट वेल्डिंग रुळले. दोन पत्रे चिमटीत धरा, वीज सोडा, क्षणात चिकटले. पोलादाशी याचे छान जमले.

मग वजन घटवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम आले आणि गणित फिसकटले. या धातूतून वीज आणि उष्णता फार लवकर पसरते, वर ऑक्साइडचा चिवट थर. वेल्डिंगला प्रचंड करंट लागतो आणि यंत्राची टोके लवकर खराब होतात. १९९४ च्या ऑडी ए-८ मध्ये आणि २००३ साली विक्रीला आलेल्या जॅग्वार एक्सजे मध्ये म्हणून पुन्हा रिव्हेट आली. जॅग्वारच्या एका सांगाड्यात तीन हजारांहून जास्त, जोडीला चिकटद्रव्य. आधीच्या पोलादी सांगाड्यापेक्षा तो सुमारे ४० टक्के हलका होता.

पण मंडळी, तीन हजार भोके कोण पाडणार, आणि वरची-खालची भोके एका रेषेत कोण आणणार? ही रिव्हेट स्वतःच पत्र्यात घुसते. नळीसारखा पोकळ पाय असलेला बुटका खिळा म्हणा. यंत्र काही टनांच्या दाबाने तो दाबते. वरचा पत्रा फाटतो, पाय खालच्या पत्र्यात शिरतो, आणि खालच्या साच्यामुळे आतल्या आत फाकतो. वरचा पत्रा फाटलाच पाहिजे, खालचा फाटता कामा नये!

खरी गोम पत्रे जाड किंवा कणखर असले की कळते. पत्रा कणखर, तर रिव्हेट त्याहून कडक हवी. नाहीतर तिचा पायच चेपतो. पण फार कडक केली तर फाकताना तडकते. जाड थरासाठी लांब पाय घ्यावा, तर तो दाबाखाली वाकतो. म्हणून पायाची जाडी, टोकाची धार, साच्याची खोली, सगळे त्या त्या जोडीसाठी जुळवावे लागते. शक्य तिथे पातळ पत्रा वर आणि जाड खाली ठेवतात. कडक-मऊ असेल तर कडक वर, कारण फाकणाऱ्या पायाला सामावून घ्यायला खालचा पत्रा लवचीक हवा.

चाकणला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा अशा जोडाचा उभा काप दाखवला, घासून चकचकीत केलेला. पाय किती फाकला, खाली किती पत्रा उरला, हे मिलिमीटरच्या दशांशांत मोजतात. बाहेरून चांगले आणि वाईट जोड सारखेच दिसतात, म्हणाला. अपघातात आतली माणसे याच जोडांच्या भरवशावर असतात, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

२००८ साली जॅग्वार लँड रोव्हर टाटांकडे आली. २०१२ ची नवी रेंज रोव्हर अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा घेऊन आली, तीही अशाच रिव्हेटींनी जोडलेली. इतिहासात मोटारीच्या आकाराचे कौतुक होते, या खिळ्याचे कोणी करत नाही. मला खिळाच जास्त आवडतो.

आता दारामधल्या खांबांना तापवून, साच्यातच थंड केलेले बोरॉनचे पोलाद वापरतात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकदीचे. तिथे ही रिव्हेट सहसा हात टेकते. मग वेगाने फिरणारा खिळा वरचे अ‍ॅल्युमिनियम भेदून खालच्या पोलादावर घासतात. घर्षणाने तापून तो पोलादालाच जुळतो. म्हणजे फिरून वेल्डिंगच!